खाज कुणालाच नाही

हृदयाच्या डॉक्टरला लग्नाच्या जेवणात कुणी छाती उघडून दाखवत नाही. मला दाखवतात. मी त्वचेची डॉक्टर. हातात ताट घेऊन उभी असते आणि शेजारचे गृहस्थ बाही वर सारून म्हणतात, "आता भेटलाच आहात तर हे जरा बघता का?" भाजीवाला मेथी बांधता बांधता थांबतो आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतो. त्यामुळे किस्से मला कधी गोळा करावे लागले नाहीत. छावणीजवळच्या माझ्या दवाखान्यात ते आपल्या पायांनी चालत येतात आणि बाकावर बसतात. नावं बदलून सांगते. डाग मात्र खरे आहेत.

* * *

माझ्याकडचा काउंटर मुश्ताकभाई सांभाळतात. अगदी सुरुवातीला आमच्याकडे टोकन नव्हतं. मुश्ताकभाई पेशंटला आजारावरून हाक मारायचे. भरलेल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात, "चलो, गजकर्णवाले काका अंदर जाओ."

काका ढिम्म. शेजारच्या माणसाकडे असे बघायचे, जणू हाक त्यालाच मारली आहे.

एकदा सलग तीन हाका वाया गेल्यावर मुश्ताकभाई वैतागले. खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "अच्छा, किसकू खाज है, हात उप्पर करो."

एकही हात वर गेला नाही. सगळे हात कामात होते.

दुसऱ्या दिवसापासून टोकन सुरू केलं.

* * *

चिकलठाण्याचे एक मामा, निवृत्त तलाठी. घोट्याजवळ इसब झालेलं. कातडी काळी, जाड, खाजवून खाजवून पाणी सुटलेलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काही लावलं होतं का?"

"कायबी नाय."

मामी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "बिब्बा लावला की."

"तो एकदाच."

"मग चुना लावला. मग टूथपेस्ट. आन् ते बॅटरीचं पाणी?"

"बॅटरीचं नव्हतं गं, ते गाडीचं ऑइल होतं." मग माझ्याकडे वळून मामा शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही औषधाचं विचारलं. हे समदं घरचं हाय."

बिब्ब्यानं कातडी भाजते आणि डाग आणखी काळा पडतो, हे मी त्यांना समजावलं. थोडे दिवस लावायचं मलम दिलं. साबण सौम्य वापरा, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा, नखं कापा, खाज सुटली तर ओलं फडकं ठेवा, असं सगळं सांगितलं. मामा पडेल चेहऱ्यानं ऐकत होते. एवढ्या लांब येऊन खोबरेल तेल ऐकायला मिळालं, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

महिन्याभरानं पाय दाखवायला आले. कातडी मऊ, खाज बंद, काळेपणाही उतरणीला लागलेला. मी खूश. मामाही खूश.

"लई बेस झालं मॅडम," ते म्हणाले. "बिब्ब्याचा गुण आला. जरा उशिरा आला, पण आला."

* * *

प्रकाश कारखान्यात मशीनवर काम करायचा. कमरेभोवती आणि जांघेत नायट्याची लाल कडी. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावायचा. चार दिवस आराम पडायचा, मग दुप्पट जोरानं उठायचं. ट्यूब संपली की दुसरी.

मी म्हटलं, "या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. त्यानं खाज बसते, पण बुरशी आत मजेत वाढते. ही आधी बंद कर. मी देते ते औषध डाग गेला तरी सांगितलं आहे तितके दिवस घ्यायचं. घट्ट जीन्स नको. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळव. टॉवेल स्वतःचा वेगळा ठेव. आणि घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही घेऊन ये, नाहीतर फिरून तुलाच होईल."

"घरात खाज कुणालाच नाही," प्रकाश ठामपणे म्हणाला.

पुढच्या खेपेला बायको सोबत होती. "हिला नाही," तो म्हणाला. बायको म्हणाली, "मला फक्त उन्हाळ्यात होतं." ते दिवस उन्हाळ्याचेच होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यातून बाहेर बसलेली त्याची आई दिसत होती. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून हळूहळू वर-खाली होत होती.

"ती आईची जुनी सवय आहे," प्रकाश म्हणाला.

शेवटी मी सगळ्यांनाच बोलावलं. एका रविवारी मोठी रिक्षा करून अख्खं घर आलं. आई, वडील, दोन भाऊ, भावजया, पोरं आणि दिवाळीला आलेला, तो अजून न गेलेला मेहुणा. प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे कडं होतंच. टॉवेल वेगळे केले का, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

उत्तर प्रकाशच्या वडिलांनी दिलं. "मॅडम, आमचं एकत्र कुटुंब आहे. दोरीवर डझनभर टॉवेल दिसले तर गल्ली म्हणेल, ह्यांच्यात वाटणी झाली."

* * *

फुलंब्रीकडचे विठ्ठलराव. चेहरा, मान, हात काळे पडलेले, पापण्या सुजलेल्या, रात्रंदिवस खाज. मुलीकडे पुण्याला जाऊन राहिले की बरं वाटायचं. गावी परत येऊन शेतात गेले की पुन्हा सुरू.

"धाकट्यानं केलंय काहीतरी," ते आवाज खाली करून म्हणाले. धाकटा म्हणजे सख्खा भाऊ, ज्ञानोबा. दोघांची शेतं लागून होती. बांधावरून वाद झाला होता आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं.

मी विचारलं, "बांधावर काय उगवलंय?"

"गाजरगवत. छातीएवढं."

"मग काढत का नाही?"

"बांध त्येचा हाय, त्येनं काढावं."

मी म्हटलं, "वाद होता ना, बांध तुमचा म्हणून?"

विठ्ठलराव म्हणाले, "भांडताना माझा होता."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरे एक गृहस्थ आले. तसाच काळवंडलेला चेहरा, तशाच सुजलेल्या पापण्या. बसल्या बसल्या म्हणाले, "थोरल्या भावानं केलंय काहीतरी." हेच ज्ञानोबा.

एकदा दोघे एकाच बसनं आले. बाकाच्या दोन टोकांना बसले. विठ्ठलराव आत आले तेव्हा ज्ञानोबाही नंबराची वाट न बघता मागोमाग आत शिरले. मी दोघांना एकदमच सांगितलं. गाजरगवताचा नुसता धुरळा अंगावर आला तरी काहींना असं होतं. फुलं यायच्या आत ते मुळासकट काढायचं, पण तुम्ही दोघांनी नाही. ज्यांना त्रास नाही त्यांनी, हातमोजे घालून. शेतात जाताना पूर्ण बाह्या, डोक्याला फडकं, आल्यावर अंघोळ.

दोघेही भिंतीकडे बघत ऐकत होते. मग विठ्ठलराव मला म्हणाले, "त्याला सांगा, सोमवारी माणसं लावतो."

ज्ञानोबा मला म्हणाले, "त्येन्ला सांगा, माणसांचं जेवण माझ्याकडून."

दोघांत हातभर अंतर होतं. मी दोन्ही निरोप पोचवले.

संध्याकाळी मुश्ताकभाईंनी बातमी आणली. जेवायला जाताना त्यांना दोघे भाऊ बसस्टॉपवर दिसले होते. थोरल्याचा हात मानेच्या मागं पोचत नव्हता, म्हणून धाकटा मलम लावून देत होता.

"काही बोलत होते का?" मी विचारलं.

"ज्यादा नहीं मॅडम. बडे इतनाच बोले, जरा खाली."

* * *

आता सनाच्या लग्नाचं सांगते.

सनाची अम्मी तिला घेऊन आली तेव्हा रडून रडून अम्मीचेच डोळे लाल झाले होते. लग्न तोंडावर आलेलं आणि मुलीच्या पाठीवर, खांद्यावर फिकट पांढरे ठिपके. घाम आला की किंचित खाज. अम्मीनं दार नीट लागलं आहे ना ते बघितलं आणि कुजबुजली, "सफेद दाग तो नहीं ना, मॅडम?"

मी ठिपक्यावरून नख फिरवलं, बारीक कोंडा निघाला. म्हटलं, हे कोड नाही. कोड असतं तरी ते लागट नसतं आणि त्यात लपवण्यासारखंही काही नसतं. हे शिबं आहे, घामाच्या दिवसांत वाढणारी साधी बुरशी. शॅम्पू लिहून दिला. अंगाला लावून थोडा वेळ ठेवायचा आणि धुवायचा. खाज लवकर थांबेल, पण रंग परत यायला काही महिने लागतील, तोवर घाबरू नका.

सना खुदकन हसली. अम्मी हसली नाही. "लडकेवालों के कान पे नक्को जाने देना," म्हणाली.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एक बाई आपल्या मुलाला, इम्रानला घेऊन आल्या. त्यांनीही आधी दार लावून घेतलं. इम्राननं शर्ट काढला. पाठभर तेच ठिपके. तेच निदान, तोच शॅम्पू. बाई निघताना म्हणाल्या, "शादी है मॅडम. लडकीवाले बहोत नाजूक लोग हैं. उनकू मालूम नक्को पडने देना."

पुढे दोन्ही घरांतून आग्रहानं पत्रिका आल्या. पत्रिका एकच होती.

मी कुणाला काही बोलले नाही. लग्नाला मात्र गेले. सनाच्या अम्मीनं हात धरून मला मुलाच्या आईपुढं नेलं. "ये हमारे डॉक्टरनी साहिबा, पुरानी पहचान."

मुलाची आई माझ्याकडे बघून गोड हसली. "अच्छा? मैं तो पहली बार मिल रही."

मीही म्हटलं, पहिल्यांदाच.

स्टेजवर गेले. इम्रान आपल्या बुटांकडे बघत होता. सनाला पाकीट दिलं तेव्हा तिनं ओढणी जराशी बाजूला केली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मॅडम, आमचं दोघांचं फोनवर सगळं बोलून झालंय. आता शॅम्पूची बाटली मोठी आणली तर चालेल ना? दोघांना पुरेल अशी."