दारावरचा सत्तेचाळीस नंबर

"वाचा की, मास्तर," दानूबाबा म्हणाला आणि त्याने हातोडा ऐरणीवर ठेवला.

मी वाचलं. "घर नंबर सत्तेचाळीस. नाव दानू. विधुर. वय पासष्ट. धर्म हिंदू. जात लोहार. जन्म याच जिल्ह्यात. मातृभाषा मराठी. धंदा लोहारकाम."

दानूबाबाने भात्याची दोरी सोडली. कपाळावरचा घाम पुसला. "चांगला मानूस दिसतो," तो म्हणाला. "ऱ्हातो कुठं?"

एकतीस सालच्या खानेसुमारीची, म्हणजे शिरगणतीची, ही गोष्ट. आमच्या घरात मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की मी "वाचा की, मास्तर" म्हटलं की पुतण्या उठून पाणी प्यायला जातात. पण छापून आलेली गोष्ट मध्येच उठून टाळता येत नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आमचं गाव आग्रा रोडवर, पिंपळगाव आणि चांदवडच्या मध्ये. मी तिथे शाळामास्तर. खानेसुमारी आली की सरकार मास्तरांना धरतं, कारण आम्हाला लिहिता येतं आणि नाही म्हणता येत नाही. मला गणतीदार केलं. गणतीदाराकडे एक ब्लॉक, म्हणजे पन्नासेक घरं. असे दहा-बारा ब्लॉक मिळून एक सर्कल, आणि सर्कलवर एक सुपरवायझर. आधी प्रत्येक दारावर गेरूने नंबर टाकायचा. मग घरोघर बसून, विचारून, काळ्या शाईने फॉर्म भरायचा. शेवटी तो दारात वाचून दाखवायचा आणि चूक निघाली तर तांबड्या शाईने दुरुस्त करायची.

यातलं "घरोघर बसून, विचारून" मी गाळलं. बारा वर्षं या गावात काढलेली. कोण कुठला, कुणाचा कोण, हे मला विचारावं लागतं होय? सारा ब्लॉक मी घरी पाटावर बसून भरून काढला. तांब्या-पितळेची भांडी घडवतो तो तांबट. मागावर बसतो तो मोमीन. दुकानात बसतो तो मारवाडी. लोखंड ठोकतो तो लोहार. धंदा पाहायचा आणि जात लिहायची.

आमची ही भाकऱ्या थापत होती. "लोकांना न विचारता लोकांच्या जाती लिहिताय?" ती म्हणाली. "मग वयंही तुम्हीच ठरवा."

"ठरवलीच आहेत," मी म्हणालो.

"ते सूचनांचं सरकारी बुक तरी वाचलंत का?"

"पहिलं पान वाचलंय."

आणि गंमत अशी की शेहेचाळीस घरांत माझं जवळजवळ सगळं बरोबर निघालं. एका म्हातारीचं वय दहा वर्षांनी कमी लिहिलं होतं, तिने मला गूळ-शेंगदाणे दिले. अशा चढलेल्या अवस्थेत मी दानूबाबाच्या भट्टीपाशी पोहोचलो होतो.

"मागल्या खेपेला एकानं मला भिल्ल लिवलं," दानूबाबा म्हणाला. "त्याच्या आदी एकानं सिद्दी मुसलमान. आता तुमी हिंदू लोहार. दर धा वर्सांनी सरकार मला नवा जल्म देतं. मला कुनी इचारीत नाय."

मी खाली बसलो. आणि बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

तो लहान असताना त्याला आफ्रिकेतून पळवून गलबतात भरलं होतं. गुलाम म्हणून विकायला. इंग्रजांच्या जहाजाने ते गलबत अडवलं आणि पोरं मुंबईला उतरवली. त्यातली काही नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांच्या वस्तीत आणून ठेवली. तिथे त्याचा दानिएल झाला, तिथेच तो लोखंडाचं काम शिकला. लग्न तिथल्याच एका मराठी ख्रिस्ती मुलीशी झालं. नवराबायको आमच्या गावी आले. गावाने दानिएलचा दानू केला आणि पुढची विचारपूस बंद केली. त्याचा काळा रंग, कुरळे पांढरे केस मी रोज पाहत होतो. पण त्याची मराठी माझ्याहून अस्सल, मग शंका कुठून येणार?

"माझी मानसं याव जमातीची," तो म्हणाला. "लय मोठ्या तळ्याकाठची. आईनं सांगितल्यालं तेवढंच ध्यानात हाय. मास्तर, पुढल्या खानेसुमारीला मी काय असनार नाय. या बारीला तरी खरं लिवा."

मी तांबडी शाई काढली. जन्म आफ्रिका. धर्म ख्रिस्ती. जमात याव. वय सत्तरीच्या पुढचं. मातृभाषेपाशी थांबलो.

"ती ऱ्हाऊ द्या मराठीच," तो म्हणाला. "ती दुसरी आता येत नाय मला."

घरी जाताना मला वाटलं, आपण मोठं काम केलं. चार दिवसांनी सुपरवायझरांनी बोलावलं.

सुपरवायझर म्हणजे तालुका कचेरीतले एक अव्वल कारकून. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. त्यांच्या सर्कलचे कागद दर वेळी तालुक्यात सगळ्यांत आधी आणि बिनचूक पोहोचत, असा त्यांचा लौकिक होता. तो लौकिक त्यांनीच सांगितलेला.

"हे याव काय प्रकरण आहे?"

"जमात आहे, रावसाहेब. आफ्रिकेतली."

"जातींच्या छापील यादीत आहे?"

"नाही."

"मग ती जमात नाही. सिद्दी लिहा, मुसलमान करा, मोकळे व्हा."

"पण तो ख्रिस्ती आहे."

"मास्तर," रावसाहेब गोड आवाजात म्हणाले, "पेठकडे एक शाळा रिकामी आहे. घाटातली. हवा उत्तम. लोकल बोर्डात माझे साडू असतात, ठाऊक आहे ना?"

मी शूर असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी नवा फॉर्म घेतला आणि त्यावर सिद्दी, मुसलमान असं सुंदर अक्षरात लिहिलं. माझं अक्षर भीतीने जास्तच चांगलं येतं.

हिने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी निघताना सरकारी बुक माझ्या कोटाच्या खिशात घातलं. त्यातलं एक पान दुमडलेलं होतं.

फॉर्म पुन्हा दारात वाचून दाखवणं भाग होतं. मी वाचला, नजर ऐरणीवर ठेवून. दानूबाबा रागावला नाही. तापलं लोखंड विझवायच्या कुंडात त्याने फडकं भिजवलं, दारापाशी गेला आणि गेरूचा सत्तेचाळीस पुसून टाकला.

"बाबा, हे काय?"

"या घरात तो सिद्दी ऱ्हात नाय. त्याचं घर शोधा आनि तिथं नंबर घाला."

खानेसुमारीत माणूस चुकला तर चालतं, नंबर चुकून चालत नाही. शेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस आला तर बेरीज जुळत नाही आणि अख्खा ब्लॉक पुन्हा मोजावा लागतो. मी हात जोडले. तेवढ्यात समोरच्या घरातून मागाचा खडखडाट थांबला आणि रहीमचाचा बाहेर आले.

"क्या हुआ, मास्तर?"

मी सांगितलं. त्यांनी नवा फॉर्म हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मुसलमान करायचा तर मौलवी लागतो, मास्तर. तुमचा टाक चालत नाही. आमच्यात घालायच्या आधी आम्हाला विचारला का? दानूभाईला तरी विचारला का?" आणि ते आत जाऊन ओलं फडकं घेऊन आले. "मेरा भी नंबर निकालो."

शेजारची सखूबाई अंगण सारवत होती. तिने शेणाच्या हाताने एका फटक्यात आपला अठ्ठेचाळीस नाहीसा केला. "आमचं इळा-खुरपं ह्यानंच ठोकून दिल्यालं," ती म्हणाली. "खोटा लिवता व्हय त्याला?"

तासाभरात आळीतल्या सगळ्या चौकटींवरून तांबडं पाणी ओघळत होतं. आणि नेमका त्याच वेळी आळीच्या तोंडाशी रावसाहेबांचा टांगा उभा राहिला. तपासणीला आले होते.

ते खाली उतरले आणि पांढरे पडले. त्या साली सत्याग्रहाची धामधूम होती. खानेसुमारीवर बहिष्कार टाका, नंबर पुसा, असा प्रचार ठिकठिकाणी चालला होता. ज्याच्या हद्दीत तसं घडेल त्याला मामलेदारांपुढे उभं राहावं लागे.

"मास्तर! बहिष्कार? माझ्या सर्कलमध्ये?"

हात खिशात गेला आणि बुक हाताला लागलं. दुमडलेलं पान उघडलं. हिने तिथे पेन्सिलीने रेघ मारली होती. जात ज्याची त्याने सांगायची, गणतीदाराने लिहायची. यादी केवळ मदतीला. मी ते मोठ्याने वाचलं. वर्गात वाचतो तसं.

"बहिष्कार नाही, रावसाहेब," मी म्हणालो. "सगळ्यांना नाव द्यायचंय. फक्त खरं द्यायचंय. एक फॉर्म बदला, सगळे नंबर परत येतील."

रावसाहेबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग आळीकडे पाहिलं. रहीमचाचा फडकं पिळत होते.

"मग लिहा की!" ते ओरडले. "मी कधी नाही म्हटलं? आणा इकडे, मीच लिहितो!"

त्यांनी ऐरणीवर कागद पसरला आणि दानूबाबाला विचारलं. खरोखर विचारलं, एकेक रकाना. दानूबाबाने उत्तरं दिली. जमात याव, असं रावसाहेबांच्या हाताने उमटलं आणि खाली त्यांची लफ्फेदार सही झाली. दानूबाबाने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले होते.

मग मी ओळीने सगळे नंबर पुन्हा टाकले. गेरूचा डबा कुणी धरला होता, हे पुतण्यांना पाठ आहे. रावसाहेबांनी. धोतरावर शिंतोडे उडाले तरी ते "लवकर, लवकर" एवढंच म्हणत होते. त्या वर्षीही त्यांच्या सर्कलचे कागद सगळ्यांत आधी पोहोचले. पेठची हवा मी अजून पाहिलेली नाही.

गेरू पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेला. दानूबाबाने मात्र लोखंडाच्या पट्टीवर आपला सत्तेचाळीस ठोकून ती दाराला खिळ्यांनी बसवली. दोन वर्षांनी तो गेला. पट्टी अजून आहे.

आणि मी तेव्हापासून वर्गाची हजेरी घरून भरून नेत नाही. पोरांकडे बघून घेतो. वेळ जास्त लागतो, पण बरीच पोरं मला नव्यानेच कळली.