मागाचं दातेरी चाक

बाबांच्या हातमागाच्या दातेरी चाकाचे दात एका दुपारी झडले. विणलेलं कापड ज्या रुळावर गुंडाळलं जातं, त्याला हे बिडाचं चाक असतं. त्यानं धरलं नाही की ताणा ढिला पडतो आणि माग बसून जातो. पवनीत आता हातमागाचे सुटे भाग कोणी ठेवत नाही. नागपूरच्या दुकानदारांना फोटो पाठवला, तर एकानं हसणारं तोंड पाठवलं. तेवढंच उत्तर आलं.

बाबा ओसरीत बसून राहू लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, विणण्यापलीकडे दुसरा नाद नाही. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला कुठं चालला म्हणून विचारायचे, जेवताना मिठावरून कुरकुर करायचे. मला ते बघवत नव्हतं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, तेव्हा धातूची भीती नाही. म्हटलं, चाक आपणच ओतू. मोबाइलवर पाहिलं की सगळंच सोपं वाटतं.

परसात भट्टी केली. पत्र्याच्या बादलीला आतून तलावातली चिकणमाती आणि धानाचा कोंडा कालवून थापला, बुडाशी पाइप घालून त्याला छोटा ब्लोअर लावला. धातू वितळवायची मूस नागपूरहून आणली. शेतपंपांच्या मोटारींची फुटकी ॲल्युमिनियमची झाकणं दुकानात पडलेलीच होती. वैनगंगेची रेती तेवढी बारीक करायची होती, म्हणून आईची पिठाची चाळणी घेतली.

"रेती चाळून राहिला का त्याच्यानं?" आई म्हणाली. "आता पोळ्या रेतीच्या खाशील का?"

जुन्या चाकाचे झडलेले दात सागाच्या चिपांचे करून चिकटवले. ते चाक ओलसर रेतीत दाबलं, अलगद काढलं, आणि उरलेल्या खड्ड्यात वितळलेल्या धातूचा रस ओतला. थंड झाल्यावर चाक निघालं ते असं चकचकीत की मी फोटो काढत सुटलो. मागावर बसवलं तर चाक मागं फिरू नये म्हणून दातांत अडकणारी खिटी दातांना पोचेना. धातू निवताना आवळतो, हे व्हिडिओवाला सांगत होता तेव्हा मी बहुतेक पुढं ढकललं असावं. मग जुन्या चाकाच्या दातांवर कागदाचे थर चिकटवून ते थोडं वाढवलं.

दुसऱ्या वेळी मधल्या चौकोनी भोकानं दगा दिला. पहिल्या वेळी ते कानशीनं कोरत बसावं लागलं होतं, म्हणून आता ते साच्यातच ठेवायचं ठरवलं. भोक राहायला साच्यात मधोमध रेतीचा घट्ट ठोकळा उभा करावा लागतो. त्या रेतीला धरून ठेवायला काय घालावं? माझ्या डोक्यात लगेच खळ आली. सुताला कडकपणा यावा म्हणून आम्ही जी तांदळाची पेज लावतो, ती. आईनं न कुरकुरता शिजवून दिली. मी ठोकळा केला आणि उतावीळपणे ओलाच साच्यात ठेवला. रस पडताच तो खदखदून वर उसळला. एक थेंब चपलेत घुसला आणि मी परसभर नाचलो.

"वल्ली खळ!" बाबा खुर्चीतून ओरडले. "कोष्ट्याच्या घरचा ना तू? वल्लं सूत कोनी मागावर चढवते का?"

पुढचा ठोकळा आईनं तव्यावर मंद आचेवर भाजून दिला, भाकरीसारखा उलटत-पालटत. त्या वेळचं चाक नीट आलं. दात कानशीनं घासले, बसवलं, आणि खिटी टकटक करत दातावर दात धरू लागली. माग चालला. बाबांनी मिठाची तक्रार न करता जेवण केलं. शेजारचे बघून गेले. मी दोन दिवस छाती काढून हिंडलो, खोटं कशाला बोलू.

मग आईनं माळ्यावरून चरखा काढायला लावला. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, लग्नापासून तीच चरख्यावर भरते. ती बसली, चाक फिरवू लागली, आणि थोड्या वेळानं उजवा खांदा डाव्या हातानं दाबून धरला.

"दुखून राहिला का?" मी विचारलं.

"आता पुन्हा लागला. माग बंद होता तं चांगला होता."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"इचारलं कोनी? तुमी दोघं चाकाच्या मांगं. मागावर एकच मानूस दिसते लोकायले."

"मंग खळ कायले शिजवून देली?"

"तू उनात बसून होता, उपाशी. मी का म्हनू, नोको करू म्हनून?"

मला आधी तिचाच राग आला. इतके दिवस तोंड उघडायला काय झालं होतं? मग लाज वाटली, आणि ती राहिली. एका माणसाची बेचैनी पाहून मी भट्टी पेटवली. दुसऱ्याला आराम पडला होता, तो मला दिसलाच नव्हता.

सकाळी चरख्यावर मी बसलो. माझ्या कांड्या ढिल्या निघाल्या. आत माग दोनदा थांबला, सूत तुटलं, आणि सवयीनं बाबांचा आवाज आला, "कशी कांडी भरून राहिली वो? हात मोडला का?"

"मी नाही भरून राहिली," आई चुलीपासून म्हणाली. "पोरगा बसला आहे. माह्या खांद्यानं होत नाही आता."

माग थांबला. बाबा उठून दारात आले. त्यांनी चरख्यावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कवापासून दुखते?"

आई पोळी उलटत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"लगन झाल्यापासून," ती म्हणाली.