बंद पडल्याची वही

आमच्या दाजींना अख्खी गल्ली 'थांबा-बघू' म्हणते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा आणि तोंडात कायम हेच दोन शब्द. कुणी घाम पुसत आलं, "अहो, माझं मशीन गेलं!" म्हणालं, की हे चष्मा कपाळावर सरकवणार आणि म्हणणार, "थांबा, बघू." ताई सांगायची, "लग्नाला होकार आहे का विचारलं, तेव्हाही ह्यांनी हेच उत्तर दिलं होतं. बावीस वर्षं झाली, अजून बघतायत."

मध्येच बंद पडणारं मशीन ही कारागिराची खरी परीक्षा, असं दाजींचं म्हणणं. जे सुरूच होत नाही ते सोपं. जे चालता चालता पडतं आणि बटण दाबलं की काही झालंच नाही अशा थाटात उठतं, ते लबाड. कारागीर समोर बसला की चार तास शहाण्यासारखं चालेल आणि तो जिना उतरला रे उतरला की पडेल. दुसरे कारागीर आल्या आल्या पेटी उघडतात, धूळ उडवतात, काहीतरी बदलतात आणि निघून जातात. दाजी आल्या आल्या पेटीला हातच लावायचे नाहीत. गिऱ्हाइकाला आधी एक वही करायला लावायचे. मशीन बंद पडलं की त्यात लिहायचं: वार, वेळ, मशीनवर काय काम चालू होतं आणि खोलीत दुसरं काय चालू होतं.

गिऱ्हाइकं वैतागायची. "अहो, परत चालू केलं की चालतंय ना!" असं कुणी म्हटलं की या गरीब माणसाचा पारा चढायचा. "चालू झालं म्हणजे बरं झालं असं नसतं," ते म्हणायचे. "तुम्ही दुखणं फक्त पुढं ढकलताय." दुरुस्ती झाल्यावरही एक तास मशीनसमोर बसून राहायचा त्यांचा नेम होता. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तरी बसायचे.

माझं टायपिंग, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. दारापाशी झेरॉक्स, मागच्या भिंतीला लॅमिनेशनचं मशीन, मध्ये टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. त्या टेबलाशी ताई बसायची, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे दुकानाचा मालक मी असलो तरी हुकूम तिचाच चालायचा. गिऱ्हाइकांसमोर मला "ए धाकट्या" म्हणून हाक मारायची. मी चिडलो की आणखी मोठ्यानं मारायची.

साधारण वर्षापूर्वी टेबलावरचं ते मशीन मध्येच बंद पडायला लागलं. दाजी आले, "थांबा, बघू" म्हणाले आणि बायकोच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवून गेले. ताई कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या! सासरी नवऱ्याची शिस्त, माहेरी भावाचं दुकान. मला सुटका म्हणून नाही." पण लिहायची मात्र इमानेइतबारे. बंद पडलं की आधी घड्याळ बघायची, मग वही ओढायची आणि मगच मशीनचं बटण दाबायची.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

एके दुपारी ताई कागद घ्यायला उठली आणि उभ्याउभ्याच खाली गेली. ठेच नाही, ओरडणं नाही. दिवा घालवावा तशी. मी धावलो, डोकं मांडीवर घेतलं, तिच्या तोंडावर पाणी मारलं. अर्धं मिनिट गेलं असेल, तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "झेरॉक्सचा कागद अडकलाय बघ." मी साखरेचं पाणी दिलं. डॉक्टरकडे चल म्हणालो. ती म्हणाली, "उपाशी होते रे, म्हणून झालं. आणि ह्यांना बोलू नकोस हं. हातातली कामं टाकून माझ्यामागे लागतील. शपथ घे." मी घेतली. दहा मिनिटांनी ती पुन्हा टायपिंग करत होती. मी बघितलं, चाललंय सगळं व्यवस्थित, आणि माझ्या कामाला लागलो.

त्यानंतर पाच आठवड्यांनी ती घरी, ओट्यापाशी पडली, ती उठलीच नाही. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर लिहायचं म्हणून त्यांनी आम्हा दोघांना विचारलं, "याआधी कधी शुद्ध हरपली होती का?" दाजी जमिनीकडे बघत होते. माझ्या तोंडून शब्द आले, "नाही. असती तर घरच्यांना कळलं नसतं का?"

माझा स्वभाव असा आहे, की चूक माझी असली की आवाज माझाच चढतो. तिला पोचवून आलो त्या संध्याकाळी, घर नातेवाइकांनी भरलेलं असताना, मी दाजींना म्हणालो, "जगाच्या मशीनांची दुखणी वहीत मांडत बसलात. शेजारी झोपणारं माणूस बंद पडत होतं, ते नाही दिसलं तुम्हाला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, बोलणार काय, तोंडच कुठं आहे! चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपार होती, म्हणून मी दुसऱ्याकडे बोट दाखवत सुटलो.

आठ महिने आमचं बोलणं नव्हतं. दाजींनी धंदाही जवळजवळ सोडला. कुणी मशीन घेऊन गेलं तर दारातूनच "दुसरीकडे दाखवा" म्हणायचे. गल्लीतली माणसं हळहळायची, की थांबा-बघू आता ना थांबत, ना बघत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

इकडे दुकानातलं मशीन पडतच होतं. मी दुसरे दोन कारागीर आणले. एकानं पंखा बदलला, एकानं आतले सगळे प्रोग्राम पुसून नव्यानं भरून दिले. दोघांसमोर मशीन सोन्यासारखं चाललं आणि दोघांच्या पाठीमागं पडलं. शेवटी एका वकीलबाईंचं चाळीस पानांचं काम तिसऱ्यांदा उडालं आणि त्या माझ्यासमोर रडायच्याच बाकी राहिल्या. त्या रात्री जेवताना माझी बायको म्हणाली, "मी दाजींना फोन केलाय. उद्या येतायत. आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसायचं." त्या शपथेचं तिलाही मी सांगितलेलं नव्हतं.

दाजी सकाळी अकराला आले. खांद्याला तीच कळकट पिशवी. शर्ट अंगावर लोंबत होता, इतके वाळले होते. ताईच्या खुर्चीवर बसले नाहीत. स्टूल ओढलं. मी "या" म्हणालो, त्यांनी मान हलवली.

आधी त्यांनी प्लग हलवून पाहिला. वायर बदलली. पेटीची एक बाजू काढून आत टॉर्च मारली, पंख्याला बोटानं फिरवून पाहिलं, तळहात टेकवून कुठं जास्त गरम लागतंय ते पाहिलं. पेटी बंद केली आणि पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

मी हातातलं काम टाकून उठलो. वही दुकानातच कुठं तरी पडली असेल, असं मी धरून चाललो होतो. मशीनच्या वहीत मशीनखेरीज काही असेल, हेही कधी मनात आलं नव्हतं. मग मी असा उठून का उभा राहिलो, ते मला तेव्हा कळलं नाही.

दाजी वाचायला लागले. हळू, एकसुरी. "सोमवार, सव्वाअकरा. अर्ज टाइप करत होते. झेरॉक्स बंद. लॅमिनेशन तापायला लावलेलं. गुरुवार, बारा दहा. काहीच करत नव्हते. लॅमिनेशन चालू. शनिवार, चार वाजता. लॅमिनेशन नुकतंच लावलं होतं." मध्येच त्यांचं बोट एखाद्या ओळीवरून न वाचता पुढं सरकायचं. एकदा झालं, दोनदा झालं. मी विचारलं नाही.

"लॅमिनेशन लाव," ते म्हणाले.

मी लावलं. ते तापेपर्यंत दोघंही कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसलो. चौथ्या मिनिटाला मशीन पडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते कारागिरासमोर पडलं.

"एसएमपीएस," दाजी म्हणाले. म्हणजे भिंतीतली वीज मशीनला झेपेल अशी करून देणारा पेटीतला डबा. "थकलाय. लॅमिनेशन वीज ओढतं, त्याला तेवढा झटका सोसत नाही. घरी चांगला पडलाय एक, घेऊन येतो." दारात थांबून म्हणाले, "पहिल्या दोन पानांतच होतं हे. तेव्हाच नीट वाचायला हवं होतं मी."

वही टेबलावरच होती. ते वळल्यावर मी ती ओढली. स्वतःचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही खोड माझी जुनी आहे. यावेळी पाहायला गेलो आणि माझंच बाहेर आलं. तिसऱ्या पानावर, तिच्या त्या गोल अक्षरात: "बुधवार, दोन वाजून वीस. मशीन चालू होतं. मीच पडले. अर्धं मिनिट. उपाशी नव्हते. धाकटा समोर होता, घाबरला बिचारा. ह्यांना सांगू नको म्हटलंय."

उपाशी नव्हते. हे दोन शब्द मी किती वेळा वाचले, सांगता येत नाही.

दाजी परत आले, तेव्हा वही माझ्या हातात उघडी होती. त्यांनी पाहिलं आणि खाली बसून स्क्रू काढायला लागले. जुना डबा काढला, नवा बसवला, एकेक वायर लावली. मी उभाच होतो. शेवटी म्हणालो, "दाजी, मला माहीत होतं."

"हो. लिहिलंय तिनं."

"तुम्ही हे कधी वाचलंत?"

"तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिच्या पिशवीत सापडली वही."

म्हणजे आठ महिने. चारचौघांत मी केलेल्या पाणउताऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून यांना सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात त्यांना माझं तोंड बंद करता आलं असतं. "मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच. "मला फाडून खायचं होतंत! मी तुम्हाला काय काय बोललो!"

दाजींनी हात पुसले. वही माझ्या हातातून घेतली, दोन पानं उलटली आणि माझ्यासमोर धरली. "रविवार, सकाळी सात. घरी. पडले. हे समोर होते. धाकट्याला सांगू नका म्हटलं, दुकान बंद करून बसेल वेडा." त्याच्याखाली आणखी एक. "शुक्रवार. घरी. हे समोर होते."

"तुझ्यासमोर एकदा," दाजी म्हणाले. "माझ्यासमोर दोनदा. उठली, चहा टाकला तिनं. म्हटलं, चालतंय ना." त्यांचा आवाज फाटला. "आयुष्यभर लोकांना ओरडलो रे मी याच वाक्यावरून. तू त्या दिवशी बोलत होतास ना, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी बोललं. तुला गप्प केलं असतं तर मग मला कोण बोललं असतं?"

मी त्यांच्या पायाशी खाली बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. झेरॉक्ससाठी एक गिऱ्हाईक दारात आलं, आमच्याकडे पाहिलं आणि निघून गेलं.

मग दाजींनी बटण दाबलं. मशीन सुरू झालं. लॅमिनेशनही लावलं. चार मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली, मशीन पडलं नाही. दाजी नेमाप्रमाणे स्टुलावर बसून राहिले. मी चहा आणला, तो तसाच गार झाला.

दुरुस्ती झाल्याची नोंद वहीत करायची, हाही त्यांचा नेम. मी पेन पुढं केलं. त्यांनी नोंदी असलेलं शेवटचं पान उघडलं आणि पेन हातात धरून तसेच थांबले. मी वाकून पाहिलं. ताई गेली त्या मंगळवारची नोंद होती. दुकान बंद करून घरी जाण्याआधी तिनं लिहिलेलं: "आज मशीन दिवसभर एकदाही बंद पडलं नाही. बरं झालं वाटतं."

दाजींनी पेनला टोपण लावलं. तास केव्हाच उलटून गेला होता. ते उठले नाहीत, आणि मीही त्यांना उठा म्हटलं नाही.