ओली गोणपाटं आणि शेवटचा पेपर
मी पदवीधर झालो तो गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींमुळे; ओल्या गोणपाटाचा वास आला की ते आठवतात. एकाहत्तर साली नगरला माझा बी.ए.चा शेवटचा पेपर होता. शिपाईमामांनी झळ नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि आत भिजवलेली गोणपाटं टांगली. तासाभरात खोली दमट झाली, अंगावरचा घाम वाळेना आणि तो उत्तरांवर टपटपून शाई पसरू लागली. "मामा, खिडकी उघडा, वारा लागला तरच गार वाटेल," मी म्हणालो. "बाहेर लई ऊन हाय. एवढं भिजवलं तरी तुमची रड हायच," म्हणत त्यांनी गोणपाटांवर आणखी बादली ओतली. संध्याकाळी मी गुरुजींना लिहिलं, "तुमचा बाष्पीभवनाचा धडा मला पाठ आहे, पण मामांना पटवता आला नाही. निम्मा पेपर घामाने पुसला गेला. उरलेल्यावर पास झालो, तर तुमचेच उपकार."