बटाट्यांतला वाटा

बागेच्या सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला आमच्या घरामागे भाड्याने मिळणारे भाज्यांचे वाफे आहेत, त्यांतला एक आमचा. "तुमचे वडील लोकांचे बटाटे चोरताहेत," तो म्हणाला. डच माणूस आडवळणाने बोलत नाही. मी हबकलेच. बाबांनी उभी हयात बँकेत काढली, पण तिथलं साधं पेन कधी घरी आणलं नाही!

सायकल दामटत गेले. बाबा बाकावर बसले होते, मांडीवर बटाट्यांची कापडी पिशवी. शेजारच्या वाफ्यातली बाई हाताची घडी घालून समोर उभी. भरदिवसा हा माणूस आला, तिच्या ढिगातले बटाटे पिशवीत भरले, आणि पुढच्या वाफ्याकडे निघाला म्हणे. "वर माझ्याकडे बघून हसला!" तिला बटाट्यांपेक्षा त्या हसण्याचा राग जास्त आला होता.

"बाबा, हे काय?"

"वाटा घेतला. सगळ्यांचं पीक निघालं ना."

आई गेल्यावर ते पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सबंध उन्हाळा ते बागेत लोकांची कामं करत होते. कुणाच्या फावड्याला दांडा बसव, या शेजारच्या बाईचं फाटक नीट कर. पैसे पुढे केले की हात मागे घ्यायचे. मला वाटलं, वेळ जातोय बिचाऱ्यांचा.

आमचं घराणं सुतारांचं. वर्षभर गावाचे नांगर-कुळव दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचं बलुतं घ्यायचं, ही इंग्रजांच्याही कितीतरी आधीपासूनची रीत. बाबांनी लहानपणी तिची अखेर पाहिली होती. आजोबांना खळ्याच्या कडेला कसं ताटकळत ठेवायचे, मातीमिसळ धान्य कसं पदरात टाकायचे, हे सांगताना अजून त्यांचा आवाज चढतो. त्या चिडीपोटी ते शिकले आणि मला रंध्याला हात लावू दिला नाही. आणि आता तेच इथे पिशवी घेऊन दारोदार? मला धक्का बसला, आणि सणसणून रागही आला.

बाईला सगळं समजावून सांगितलं. ती ओशाळली. किती तास काम केलं ते सांगा, आत्ताच पैसे पाठवते, म्हणत तिने मोबाइल काढला. मी ते बाबांना सांगितलं, तसे ते ताडकन उठले. बटाटे गवतावर घरंगळले.

"नको म्हणावं. अजिबात नको!"

"अहो बाबा, पण हिशोब मिटेल ना."

"तेच तर! मिटला की संपलं." ते बटाटे वेचायला वाकले, माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "खळ्याची मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या वर्षी येणार का, असं माझ्या बापाला कुणी विचारलं नाही. तो येणार हे गावाने धरलेलंच असायचं. पुण्यात आता मला कुणी धरत नाही गं."

त्यांचं परतीचं तिकीट त्याच आठवड्याचं होतं.

बाई अजून मोबाइल धरून उभी होती. तिच्या ढकलगाडीची मूठ तुटलेली दिसत होती. मी म्हटलं, "पैसे नकोत. पण ती मूठ दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घेऊ नका. पुढच्या उन्हाळ्यात बाबा येतील तेव्हा करतील."