माझ्या साडूंचं देखणं मरण

बुऱ्हाणपूर हे जुनं गाव. तापीच्या काठावर इथं सुभेदार मेले, सरदार मेले, बादशहांच्या घरची माणसं मेली आणि त्यांच्यावर घुमट चढले. पण माझे थोरले साडू ज्या देखणेपणानं मरत, तसं या गावात आजवर कुणालाही मरता आलेलं नाही, हे मी तापीचं पाणी हातात घेऊन सांगायला तयार आहे. शिवाय बाकीचे सगळे एकदाच मेले. माझे साडू आठवड्यातून दोन-तीनदा मरायचे, आणि सणासुदीला घरात पोरंबाळं जमली की मोजदाद ठेवणं सोडून द्यावं लागे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. मराठी शाळेत गणिताचे मास्तर. उंच, काटकुळे, शर्टाला अशी इस्त्री की बाहीच्या घडीनं काकडी कापावी. ते सिंधीपुऱ्यातून निघाले की शाळेतली पोरं गल्ली बदलत, आणि मागच्या बाकावर बसून मोठे झालेले काही बापही बदलत. अशा माणसाला व्यसन होतं ते मारधाडीच्या सिनेमांचं. तेही टॉकीजला लागणाऱ्या मोठ्या सिनेमांचं नव्हे. जे कुठल्याच टॉकीजला कधी लागत नाहीत, जन्माला येतात तेच मुळी कॅसेटीत आणि मरतात व्हिडिओ लायब्ररीच्या खालच्या फळीवर, त्या सिनेमांचं. परदेशातले कुठले तरी, हिंदीत बोलणारे; आणि हिरो, व्हिलन, हिरोची आई, व्हिलनचा कुत्रा या सगळ्यांना आवाज एकाच माणसाचा. गोष्टही एकच. कुणी तरी हिरोच्या उस्तादाला मारतो, हिरो डोंगरावर जाऊन उलटा लटकतो, आणि मग सगळे एका गोदामात जमतात, जिथं रिकाम्या ड्रमांशिवाय कधीही कुठला माल नसतो. मोटार सगळ्या सिनेमात मिळून एक. ती मध्यंतराआधी दरीत कोसळून जळते आणि शेवटी हिरो तिच्यातच बसून घरी जातो.

गणिताच्या मास्तरानं हे पाहणं म्हणजे वैद्यानं चोरून भजी खाणं. म्हणून साडू कॅसेट पिशवीत वांग्यांच्या खाली घालून आणत, आणि वर शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कागदाचं कव्हर चढवून सुबक अक्षरात लिहीत, ‘भूमिती, भाग दुसरा’. एकदा शाळेतले एक सोज्वळ सहकारी घरी आले, त्यांनी ती कॅसेट टेबलावर पाहिली आणि मुलांना दाखवायला म्हणून मागून नेली. साडूंना नाही म्हणता येईना. चार दिवस ते शाळेत भिंतीकडे तोंड करून चालत होते. चौथ्या दिवशी त्या सहकाऱ्यानं त्यांना व्हरांड्यात गाठलं, कॅसेट परत केली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “मास्तर, भाग पहिला आहे का?”

पाहण्याचीही रीत होती. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. पण मुक्यानं मारामारी पाहणं काही जमायचं नाही, म्हणून आवाज ते स्वतः तोंडानं काढत, आणि तो टीव्हीच्या दुप्पट असे. शेजारचे पॉवरलूम चालू असले की खडखडाटात खपून जाई. लाइट जाऊन आली की मात्र लूम सुरू व्हायला वेळ लागे आणि टीव्ही लगेच सुरू होई. तेवढ्या शांततेत ‘धप्प’, ‘आ’, ‘मेलो’ असे मास्तरांचे आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जात. गल्लीची समजूत झाली की ताई मास्तरांना मारते. त्यामुळे ताईचा दरारा इतका वाढला की भाजीवाली तिच्याशी घासाघीस करेना. ताईनं तो गैरसमज शेवटपर्यंत दूर केला नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. साडूंना हिरोशी काही देणंघेणं नव्हतं. हिरो आला की ते चहाचा कप उचलत. त्यांचा जीव होता व्हिलनच्या त्या बिननावाच्या माणसांवर, जे एकेक करून पुढं येतात, मार खातात आणि ड्रमवर पडतात. खर्च वाचवायला तीच चार माणसं सिनेमाभर पुनःपुन्हा मरत. साडू त्यांना घरच्यासारखे ओळखत. “हा बघा, मघाशी जिन्यावरून पडला तो,” ते मला कोपरानं ढोसून सांगत, “मिशी लावून परत आलाय. बिचाऱ्यानं किती मनापासून मरावं.” मोठ्या सिनेमातला हिरो मरताना आईशी बोलतो, बहिणीचं लग्न ठरवतो, एखादं गाणंही म्हणतो, याला काय मरण म्हणायचं, असं त्यांचं मत होतं. एका क्षणात, एकही वाक्य न बोलता, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात ज्याला मरता येतं तो खरा कलावंत.

आणि ही कला त्यांनी साधली होती. माझ्या मुलानं बोट रोखून ‘ठो’ म्हणायचा अवकाश, साडू हातातलं ताट खाली ठेवून मरत. आधी आश्चर्य, मग छातीवर हात, मग एक गिरकी, मग भिंतीवरून घसरत घसरत खाली. एकदा आम्ही सगळे चांदनी गावच्या एका लग्नाहून परतत होतो. स्टेशनावर पोरानं ‘ठो’ केलं आणि साडू फलाटावर असे काही कोसळले की पॅसेंजरमधून माणसं उड्या मारून उतरली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली, एका म्हातारीनं तर मोठ्यानं रामनाम सुरू केलं. गार्डानं हिरवं निशाण गुंडाळून काखेत मारलं. माझं म्हणणं असं की त्या दिवशी नेपानगरपर्यंतच्या सगळ्या गाड्या उशिरा धावल्या त्या साडूंमुळे. बायको म्हणते, गाडी दोन मिनिटं थांबली. बायका गोष्टीतला जीव असा काढून घेतात.

तर अशा माणसाच्या आयुष्यात एकच इच्छा उरली होती, ती म्हणजे कॅमेऱ्यासमोर मरायची. आणि ते दिवसही आले. सीड्या निघाल्या, आणि आमच्या भागात ज्याच्याकडे लग्नाची शूटिंग करायचा कॅमेरा तो दिग्दर्शक झाला. बुऱ्हाणपुरातल्या अशाच एका शूटिंगवाल्यानं मारधाडीचा सिनेमा काढायचा घाट घातला. गोदाम त्याला परवडेना, म्हणून शेवटची मारामारी केळीच्या बागेत ठरली. बाग माझ्या सासऱ्यांची. त्यामुळे थोरल्या जावयाला भूमिका मिळाली. व्हिलनचा माणूस, काळा चष्मा, संवाद नाही, हिरोची गोळी लागून मरतो. साडूंनी ही बातमी मला सांगितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ताईनं ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली. हळदीकुंकवाची बाई मी, ती म्हणाली, आणि माझा नवरा साऱ्या जिल्ह्यासमोर मरणार, आणि ते लोक पाच-पाच रुपये देऊन भाड्यानं पाहणार? घरात पोरांसमोर मरता ते वेगळं, ते पुसलं जातं. सीडीवरचं कसं पुसणार? एवढी वर्षं वडाला दोरा गुंडाळत राहिले ते काय तुम्हाला माझ्याच बापाच्या बागेत पाडायला? तिनं माहेरी निरोप धाडला, की माझा नवरा मरणार असेल तर बाग द्यायची नाही. तिकडे शूटिंगवाल्यानं डोक्याला हात लावला.

साडू भांडले नाहीत. त्यांनी टीव्हीवर कापड टाकलं आणि शाळेतून येऊन सरळ भूमिती शिकवायला लागले, खरी भूमिती, गल्लीतल्या पोरांना, फुकट. गल्ली हवालदिल झाली. रविवारी माझ्या मुलानं त्यांच्यावर बोट रोखलं, ‘ठो’ म्हणाला, पुन्हा म्हणाला. साडूंनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “लागली नाही.”

दुसऱ्या दिवशी ताईनं मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात पाट दिला, लाडू दिला, आणि पदराशी चाळा करत म्हणाली, “पाहुणे, काही तरी करा. तुमचे साडू घरात मरत नाहीत आता.”

मग मी मध्यस्थी केली. वकिलांनी माझ्याकडून शिकावं अशी. बऱ्याच चहांनंतर ताई एका अटीवर राजी झाली. मरायचं तर मरा, पण त्याच सिनेमात, सिनेमा संपायच्या आत, ते उठून उभे राहिलेले सगळ्यांना दिसले पाहिजेत. शूटिंगवाला म्हणाला, “दीदी, तो गुंडा आहे, मेला मतलब मेला. वापस उठेल तर पब्लिक काय म्हणेल?” ताई म्हणाली, पब्लिकचं पब्लिक बघेल, बाग माझ्या बापाची आहे. तो बिचारा हो म्हणाला, आणि नंतर कात्री लावता येईल असा त्यानं मनात हिशेब केला.

शूटिंगच्या दिवशी साडू पहाटे उठून दाढी करून तयार. बागेत आमचं सगळं सासर गोळा झालं होतं. हिरो म्हणजे एका केळीच्या व्यापाऱ्याचा भाचा. त्यानं पिस्तूल रोखलं. आणि साडू मेले. काय सांगू. आधी ते चकित झाले, जणू गणित बरोबर असून उत्तर चुकलं. मग हात वर गेला, तिथं लटकलेल्या घडाला लागला, आणि ते घडासकट, पानं टराटरा फाडत, सावकाश, अगदी सावकाश चिखलात उतरले. शेवटी एक बोट तेवढं हललं. घड मोडला म्हणून ओरडायला मेहुण्यानं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. बागेत पान हलेना. मी स्वतः त्या माणसाला शेकडो वेळा मरताना पाहिलेलं, पण उचलायला म्हणून माझंही एक पाऊल पुढं पडलं.

आणि शूटिंगवाल्यानं थांबा म्हणायच्या आत ताई डोक्यावर पदर घेऊन तरातरा चालत मधे गेली. साडूंच्या डोक्याशी उभी राहिली. “झालं ना मनासारखं?” ती म्हणाली. “उठा आता.” म्हणता म्हणता तिला रडू आलं. साडू उठले, पाठीचा चिखल झटकू लागले, ती पदरानं त्यांचा चष्मा पुसू लागली. आणि लग्नांची सवय असलेल्या शूटिंगवाल्यानं बाई रडू लागली की कॅमेरा बंद करायचा नसतो, एवढ्या एका शिस्तीपायी सगळं टिपून घेतलं.

ते कापायचं त्याच्या जिवावर आलं. सीडी आली आणि बुऱ्हाणपूर वेडं झालं. हिरो कुणाच्या लक्षात राहिला नाही. गोळी लागून मेलेला गुंड, आणि त्याला दटावून उठवणारी त्याची बायको, एवढंच लोक मागे नेऊन नेऊन पाहत. कुणीही विचारलं नाही की मेलेला उठला कसा. बायकांनी तर टाळ्या वाजवल्या. शाळेतही साडूंना कुणी काही बोललं नाही. फक्त पोरांनी गल्ली बदलणं सोडलं, ती आता समोरून येऊन नमस्कार करत.

आता व्हिडिओ लायब्ऱ्या गेल्या. शूटिंगवाला मोबाइलची कव्हरं विकतो. साडू निवृत्त झाले, गेल्या वर्षी छातीत दुखून इंदूरला जाऊन आले, आणि घरात नातवंडांना सक्त ताकीद आहे की आजोबांवर कुणी बोट रोखायचं नाही. मध्ये एकदा मी गेलो तर दोघं खोलीत पडदा ओढून तीच सीडी लावून बसलेली. साडूंनी आपलं मरण इतक्या वेळा पाहिलंय की नेमकी तीच जागा झिजली आहे. हिरो पिस्तूल रोखतो, साडूंचा हात वर जातो, मग चित्राचे चौकोन चौकोन होतात, खरखर होते, आणि एकदम दिसतं ते चिखल झटकत उभे असलेले साडू आणि चष्मा पुसणारी ताई. मधलं काही नाही.

मला हळहळ वाटली. असं मरण पुन्हा कुठं पाहायला मिळणार? मी म्हटलं, शूटिंगवाल्याच्या माळ्यावर एखादी चांगली सीडी असेल, शोधून आणतो. ताई साडूंकडे पाहत राहिली. साडूंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. त्या शर्टाला इस्त्री नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

“नको साडूभाऊ,” ते म्हणाले. “असंच बरं दिसतंय.”

आणि त्यांनी सीडी पुन्हा सुरुवातीला नेली.