मोतीराम सांगायचा ती सिरियल

मोतीराम गेला तेव्हा तेलुगू मुलखाच्या कडेला असलेल्या आमच्या इचोड्यात कुणाला धक्का बसला नाही. ज्याच्या असण्याचा आवाज नव्हता, त्याच्या जाण्याचा कुठून येणार? वांग्याच्या वाफ्यात वाकलेला माणूस वाकल्या वाकल्याच पडला, आणि शेजारच्या वावरातल्या बाईला वाटलं, तण काढतोय. मला निरोप आला तेव्हा मी गूळ तोलत होतो. तोलून झाला, गिऱ्हाइकाला दिला, शटर अर्धं ओढलं आणि निघालो. मला वाईट वाटायला हवं होतं, जुना दोस्त होता. पण काहीच वाटलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग गालाला बोट लावलं तरी कळत नाही, तसं झालं होतं.

मी चंपत. बसस्टँडसमोर माझं किराणा दुकान आहे आणि तोंड चालवण्यात मी कुणाला हार जात नाही, हे इचोड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मोतीराम बरोबर उलटा. माळी माणूस, रोडच्या पलीकडे थोडा भाजीपाला करायचा. बाजारात भाजी विकायची ती त्याची बायको द्वारकाबाई. हा मागे पोत्यावर बसून जुड्या बांधायचा. गिऱ्हाइकानं भाव विचारला की द्वारकाबाईकडे बोट दाखवायचा. घरीही तेच. ती बोलायची, चिडायची, भांडी आपटायची, आणि हा मूग गिळून बसायचा. "भिताडासंगं लगन लावलं माह्या बापानं," असं ती अख्ख्या बाजारादेखत म्हणायची. तेव्हाही तो जुडीच बांधत असायचा.

आणि हाच मोतीराम एके काळी रोज संध्याकाळी सलग बोलायचा. त्याला ऐकायला माणसं पत्र्याच्या शेडमध्ये मांडीला मांडी लावून बसायची. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती मलाच येड्यात काढतात.

तेव्हा त्याचं नवीन लग्न झालेलं. भाजीवर भागत नव्हतं, म्हणून लॉऱ्या थांबतात तिथं त्यानं व्हिडिओ सेंटर टाकलं. हैदराबादला जुन्या कॅसेटी घ्यायला गेला, तर दुकानदारानं एक खोकंच त्याच्या गळ्यात मारलं. कुणी इंग्रज इंजिनियर मायदेशी जाताना विकून गेला होता म्हणे. वर रॉकेटचं चित्र होतं. मोतीरामला वाटलं, मारधाड असेल. लावून पाहतो तर निघाली बिलायती सिरियल. आभाळात भरकटलेलं एक जहाज, त्यात दाढीवाला कप्तान, करड्या कपड्यातली एक हडकुळी बाई, आणि गिझरला हातपाय फुटल्यासारखा एक यंत्रमानव. कुणी दार लावलं की जहाजाची भिंत हलायची. राक्षस वळला की त्याच्या पाठीवरची चेन दिसायची. अधूनमधून ते परग्रहावर उतरायचे, आणि तो परग्रह म्हणजे सरळसरळ खडीची खदान. फकिरा, जो आज ढाबा चालवतो, तेव्हा लॉरीवर क्लीनर होता. तो ओरडायचा, "अबे, हे तं गुडीहत्नूरच्या पुढचं हाय! मी कालच गेलतो!"

इंग्रजी कुणाला कळत होतं? पहिल्याच दिवशी गलका झाला. तेव्हा मोतीराम उठला, टीव्हीचा आवाज पार बंद केला, बाजूला स्टूल ओढलं आणि पडद्याकडे पाहून बोलायला लागला. कप्तानाचं तोंड हललं की कप्तानासारखं, बाईचं हललं की बाईसारखं. यंत्रमानव जुन्या तहसीलच्या कारकुनासारखा उर्दू झाडायचा, कुणी काही मागितलं की "दरख्वास्त नामंजूर!" राक्षसाला त्यानं तेलुगू दिलं होतं. इंग्रजीचा एक शब्द या माणसाला येत नव्हता. जे सांगायचा ते सगळं मनचं. पण आम्हाला ते पटलं, आणि एकदा पटलं की संपलं. तीच कॅसेट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली.

शेवटची कॅसेट मात्र खोक्यात नव्हतीच. पुढे केबल आली, शेड मोडली, मोतीराम वांग्यांकडे परतला आणि त्याचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. भक्त उरलो आम्ही तिघं. मी, फकिरा आणि धम्मपाल, जो तेव्हा दहावीत होता आणि आता नार्नूरच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. बाजाराच्या दिवशी फकिराच्या ढाब्यावर चहा घेता घेता आम्ही तीच सिरियल चघळायचो. राक्षसाची चेन, भिंत, खदान. मोतीराम शेजारी बसून मिशीत हसायचा. "शेवटी काय झालं रे त्या जहाजाचं?" विचारलं की खांदे उडवायचा.

त्याचा दहावा नाल्याकाठी झाला. पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याची काही इच्छा मागे राहिली असं आम्ही धरतो. मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. कावळे पळसावर बसले होते आणि खाली यायचं नाव घेत नव्हते. मुलगा सुरज, हैदराबादला नोकरीला आहे, तो पुढे झाला. "बाबा, वावर विकनार नाही." कावळे ढिम्म. "आईले अंतर देनार नाही." ढिम्म. मग बायकांनी द्वारकाबाईलाच पुढं केलं. तिनं हात जोडले आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "माह्यी काळजी करू नका. मी जेवत जाईन, राहीन बराबर." एका कावळ्यानं तोंड फिरवलं. महाराजांना पुढच्या घरी जायचं होतं. ते दर्भाचा कावळा करायला लागले.

धम्मपाल जरा लांब उभा होता. तो बौद्ध, या कावळ्याबिवळ्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. दोस्तासाठी आला होता. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "बिचाऱ्याले शेवटचा भाग काई पाहाले भेटला नाही."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी मोठ्यानं ओरडलो, "मोतीराम, तुह्या जहाजाचा शेवट आमी तुह्या घरी बसून पाहू रे!"

आणि कावळा उतरला. त्यानं चोच मारली, त्याच्यामागं दुसरा आला. लोकांना हसू आवरेना. डोळे पुसत असलेले सुद्धा हसले. द्वारकाबाई तेवढी हसली नाही.

तेरवीनंतर मी सहज तिच्या घरी गेलो. ती मेथी निवडत होती. नवरा गेल्यापासून ती रडली नाही, याची गावातल्या बायांत कुजबुज चालली होती. रडण्याचं काय, ती काहीच करत नव्हती. म्हणजे झाडलोट, स्वयंपाक, म्हशीचं पाणी सगळं होत होतं, पण करणारी त्यात नव्हती. बाजारात चार दुकानांपलीकडून जिचा आवाज यायचा, ती बाई आता विचारल्याशिवाय बोलत नव्हती. मी इकडचं तिकडचं सांगितलं. ती मधेच म्हणाली, "चंपतभाऊ, माहं नाव घेतलं तं कावळा ढिम्म बसला. टीवीचं नाव घेतलं तं उतरला."

"वहिनी, त्याले भूक लागली आसंन."

"मंग माह्या टायमाले नव्हती लागली?"

मी मेथीची जुडी पुढं ओढली आणि निवडायला लागलो. तोंडाऐवजी हात चालवायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

"मंग मी कोन होती ह्यांची?" ती म्हणाली. "येवढी वर्सं मी खरंच भिताडासंगं बोलत राह्यली का? मले येवढंच समजून घ्याचं हाय." हे तिनं चिडून विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं डाळीचा भाव विचारावा तसं विचारलं आणि पुढची काडी उचलली. "तुमी शब्द देल्ला ना, तं पुरा करा. मलेबी पाहाचं हाय, काय होतं त्याच्यात माह्यापेक्षा."

तिनं ती सिरियल कधी पाहिलीच नव्हती. शेडमध्ये बायामाणसं येत नसत, आणि ती वेळ म्हशी दोहायची. नवरा रोज संध्याकाळी जाऊन काय करतो, तर "मशीन चालवते" एवढंच तिला माहीत.

सिरियलचं खरं नाव एकट्या धम्मपालला आठवत होतं, कॅसेटवरच्या चिकटपट्टीवर वाचलेलं. सुरजनं मोबाइलवर शोधलं आणि निघाली की! रविवारी दुपारी त्यानं तिचा शेवटचा भाग घरच्या टीव्हीवर लावला. आम्ही तिघं चटईवर बसलो. द्वारकाबाई उंबऱ्यात चौकटीला टेकून बसली, हात मांडीवर ठेवून.

या वेळी आवाज चालू होता. त्या कप्तानाचा खरा आवाज आम्ही आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकला. बारीक, सर्दी झाल्यासारखा. फकिरा म्हणाला, "हा कप्तान नाही वाटत बाप्पा." धम्मपाल वर्गात सांगावं तसा एकेक वाक्य मराठीत सांगत होता. जहाजाची भिंत हलली, पण कुणी हसलं नाही. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर होतं, आणि मला बातम्या पाहिल्यासारखं वाटत होतं.

अर्धा भाग झाल्यावर फकिरानं विचारलं, "पन बाई कुठं हाय?"

धम्मपालनं सुरजला मागे घ्यायला लावलं, परत ऐकलं. "ते मेली," तो म्हणाला. "लई आधीच मेली. कप्तान आता तेच म्हनून राह्यला, तिले जाऊन वरीस झालं."

"काहीतरीच सांगू नको सर! आपल्या आखरी कॅसेटीवरी बोलत होती ते. मागच्या खोलीतून."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती बाई एका भागात पांढऱ्या दारातून आत गेली होती, आणि तिच्यामागं दार लागलं होतं. मोतीरामनं आम्हाला सांगितलं होतं, "आतमंधी कामात हाय." त्यानंतर प्रत्येक भागात तो तिचा आवाज आतून आल्यासारखा काढायचा. कप्तान एकटा दिसायचा आणि बाई आतून बोलायची. ती पडद्यावर परत कधी आलीच नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मोतीरामनं तिला मरूच दिलं नव्हतं.

टीव्हीवरचा कप्तान रिकाम्या खुर्चीला काहीतरी म्हणाला. उत्तर आलं नाही. मग त्यानं एकेक दिवा बंद केला आणि खाली नावं सरकायला लागली. झालं. शब्द पुरा झाला होता, आता उठावं आणि दुकान उघडावं, असं मला वाटलं.

फकिरा मात्र पेटला होता. "हा शेवट मी मानत नाही. ते असती तं दिवे बंद करू देल्ले असते का तिनं?" आणि त्यानं थेट मोतीरामच्या ढंगात बाईचा आवाज काढला, "'आवो, त्या चांदन्या काई पळून नाही चालल्या. आधी दोन घास खाऊन घ्या!'"

मला राहवतंय होय? मीही काढला, "'तुमच्या तोंडाले काय कुलूप लागलं? हो म्हना, नाही म्हना, नाही तं निदान खोकला तरी!'"

आम्ही हसलो. दहाव्यानंतर पहिल्यांदा जरा मोकळं हसलो.

"परत म्हना," द्वारकाबाई उंबऱ्यातून म्हणाली.

फकिरानं चांदण्यांचं परत म्हटलं.

"हे मी बोल्ली होती." ती ताठ बसली होती. "सुरज पोटात होता त्या साली. हे आंगनात बाजीवर पडून वरतं पाहत राहत, आन माह्यी भाकर थंडी होये. अन् कुलपाचं मी चुलीजवळ बोल्ली होती. त्याच्यापुढं आसं होतं, 'माह्या बापानं माणूस पाहून देल्ला का मुका बैल?' बोलत होती का ते बाई हे?"

बोलत होती. शब्दन् शब्द हाच. या वाक्याला माणसं शेड डोक्यावर घ्यायची. धम्मपालनं चष्मा काढून हातात धरला. आम्हाला ते आता कळत होतं, आणि मला माझ्याच दोस्ताचा हेवा वाटला. हा माणूस रोज बायकोचं बोलणं तोंडपाठ करून शेडमध्ये आणायचा.

द्वारकाबाई उंबऱ्यातून जरा पुढे सरकली. मग खालच्या आवाजात विचारलं, "अन् तो काय म्हने?"

"कोन, वहिनी?"

"कप्तान. ते बाई बोलली का तो काय म्हने? का तोबी ह्यांच्यासारखा गुमसुम?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आठवायची गरज नव्हती, ते प्रत्येक भागात असायचं. फकिरानं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मी बोललो. मोतीराम कप्तानासाठी काढायचा तोच जड, सावकाश आवाज मी काढला.

"'तू बोलत राह्य वं. तुह्या बोलन्यावरच वाट सापडते मले. तू गप झाली का समोर निस्तं आंधारं.'"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं काळ्या झालेल्या पडद्याकडे मान वळवली.

"मंग हे घरी काऊन नाही बोलला, मुडद्या?"

जन्मभर 'आवो' म्हणणारी बाई ती. आवाज तोच होता, बाजारातला, चार दुकानांपलीकडे जाणारा. तिनं परत विचारलं, "काऊन नाही बोलला?" तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फाटला, तिनं तळहात जमिनीवर आपटला आणि ती ढसाढसा रडायला लागली. सुरज उठत होता, धम्मपालनं त्याला हाताला धरून खाली बसवलं. ती रडत होती आणि विचारत होती, काऊन नाही बोलला, काऊन नाही बोलला.